निवेदनावरचा शेरा

मागच्या अंकात मी महिला ग्रामसभेवर लिहिलं होतं. त्यावर सातारा-सांगलीकडून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच: मंडळं, संघटना, बचत गट घसा कोरडा करतात, पण पुढारी ऐकतात का? त्यातून प्रश्न बाईमाणसाचा किंवा जातीचा असला तर ऐकल्यासारखं करून पुढच्या कार्यक्रमाला निघतात. माझी सगळी नोकरी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून गेली. निवेदन देणारे टेबलाच्या एका बाजूला, घेणारे दुसऱ्या बाजूला, आणि घेणाऱ्याच्या मागे फाइल छातीशी धरून उभी असलेली बाई म्हणजे मी. तिथून जे दिसलं तेवढंच सांगते.

ताई, आमच्या गावातले सगळे बचत गट मिळून महिला दिनाला मोर्चाने गेलो आणि साहेबांना निवेदन दिलं: 'स्त्रियांवरील अत्याचार थांबवा, समान हक्क द्या.' त्यांनी तिथल्या तिथे सही केली, फोटो पेपरात आला. पुढच्या वर्षीही तेच झालं. हललं काहीच नाही. आमचं चुकतं कुठे?
— एका बचत गटाच्या अध्यक्ष, कोरेगाव तालुका

ती सही नव्हती हो, शेरा होता. निवेदनाच्या डाव्या कोपऱ्यात तिरकं लिहिलेलं असतं, 'योग्य ती कार्यवाही करावी', आणि खाली आद्याक्षरं. हा कागद मग आमच्याकडे यायचा. बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या वहीत, नोंद व्हायची, गोल शिक्का बसायचा, आवक क्रमांक पडायचा आणि कागद संबंधित टेबलाला जायचा. टेबलावरचा माणूस वाचतो: अत्याचार थांबवा. आता हे कुणी थांबवायचं? पंचायत समितीच्या कुठल्या योजनेत बसवायचं? तो बिचारा खाली लिहितो, 'विषय पोलीस ठाण्याशी संबंधित, उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित.' ठाण्यातून उत्तर येतं की विशिष्ट तक्रार आल्यास कारवाई करण्यात येईल. झालं, प्रकरण निकाली. यात कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी कामचुकारपणाही केलेला नाही. तुमच्या कागदाला धरायला मूठच नव्हती.

एका वर्षी अंदाजपत्रकाच्या दिवसांत एका गावच्या बायका आल्या होत्या. हातात निवेदन नव्हतं. माहितीच्या अधिकारात पानाला दोन रुपये भरून त्यांनी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाची, म्हणजे नमुना एकची, झेरॉक्स काढून आणली होती. महिला व बालकल्याणाच्या लेखाशीर्षाखाली लाल पेनने रेघ मारलेली. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के तिथे खर्च करायचे असतात. खर्चाच्या रकान्यात लिहिलं होतं 'खुर्च्या खरेदी'. त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर आजींनी विचारलं, "सायेब, आमच्या खुर्च्या कुठायत? आम्ही तर अजून भुईवरच बसतोय." सभापतींनी माझ्याकडे बघितलं, मी ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवकाने खिडकीकडे. खुर्च्या सभामंडपात होत्या आणि सभापतींच्याच दौऱ्याला मांडल्या जात होत्या. पुढच्या वर्षी त्या लेखाशीर्षातून मुलींच्या शाळेतल्या स्वच्छतागृहाला दार, कडी आणि पाण्याची टाकी झाली. समतेवर भाषण कुणी केलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मागणी एकच न्या. ती कुणी करायची, कुठल्या नियमाने, कुठल्या पैशातून आणि कधीपर्यंत, हे चारही कागदावर हवं. आणि मोर्चाच्या आधी महिला ग्रामसभेत ठराव करून घ्या. वर्षाकाठी किमान चार ग्रामसभा आणि प्रत्येकीच्या आधी बायकांची वेगळी सभा, हे कायद्यातच आहे. निवेदनाला आवक क्रमांक मिळतो, ठरावाला ठराव क्रमांक. दुसरा जास्त टोचतो, कारण त्याचं काय झालं हे पुढच्या सभेत विचारता येतं. निवेदनाच्या तळाला 'प्रत माहितीस्तव' लिहून ज्यांच्याशी साहेबांचं पटत नाही त्यांनाही एक प्रत जाऊ द्या. हे मी नोकरीत असताना कुणाला सांगितलं नसतं.

दारूबंदीच्या वेळी हेच पुढारी कसे ताठ बसतात, हे तुम्ही पाहिलं असेल. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान घेण्याची प्रक्रिया सुरू होते आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. तिथे साहेबांच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही, म्हणून मर्जी आपोआप चांगली असते.

आमच्या वस्तीला अजून जातीच्याच नावाने ओळखतात. सरकारने नावं बदलायचा निर्णय घेतला म्हणतात. सरपंच म्हणतात 'बघू'. आमदार जयंतीला येऊन हार घालून जातात. आम्ही दहा-बारा पोरांनी मंडळ काढलंय. पुढे काय करावं?
— एक तरुण वाचक, कवठेमहांकाळ तालुका

निर्णय डिसेंबर २०२० चा आहे. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी द्यावीत, असं त्यात आहे. सुरुवात ग्रामसभेच्या ठरावापासून होते, म्हणून सरपंचांचं 'बघू' हेच पहिलं कुलूप. विषय लेखी द्या, पोच घ्या, ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आला नाही तर का आला नाही तेही लेखी मागा. ठराव झाला की फटाके वाजवून थांबू नका. मी अशी वस्ती पाहिली आहे जिथे कमानीवर नवं नाव आणि लाइट बिलावर जुनं. फलक ग्रामपंचायतीचा, घराचा आठ नंबरचा उतारा ग्रामपंचायतीचा, रेशनकार्ड तहसीलचं, बिल वीज कंपनीचं. प्रत्येकाला ठरावाची प्रत वेगळी द्यावी लागते आणि हा पाठपुरावा करायला पुढारी लागत नाही, एक चिवट पोरगा लागतो. तुमच्यात असेलच.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी असतात, त्याचाही नमुना एक काढून बघा. बऱ्याच ठिकाणी तो पैसा वस्तीच्या तोंडापर्यंतच्या गटारावर खर्च होतो आणि तोंड म्हणजे नेमकं कुठवर, हे ठेकेदार ठरवतो.

आता आमदारांबद्दल. हार घालू द्या, त्यात काही वाईट नाही. पण अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्यांत जिल्ह्यातले खासदार आणि आमदार. शिवाय अनुसूचित जाती-जमातीचे पाचपर्यंत अशासकीय सदस्य आणि स्वयंसेवी संस्थांशी संबंध असलेले इतर समाजातले तीनपर्यंत. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायला हवी. किती गुन्हे दाखल झाले, किती जणांना अर्थसहाय्य मिळालं, खटले कुठे अडले, हे तिथे पाहायचं असतं. तुम्ही त्या बैठकांचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागा आणि सगळ्यांत आधी हजेरीचं पान उघडा. तुमच्या आमदारांच्या नावापुढे सही आहे की रकाना कोरा आहे, ते बघा. कोरा असेल तर पुढच्या जयंतीला हार घालायच्या आधी व्यासपीठावर नम्रपणे विचारता येईल, "साहेब, येत्या बैठकीला येणार ना?" हातात तो कागद असू द्या. मी असल्या प्रश्नानंतर बैठकीची तारीख डायरीत लिहून घेताना पाहिलेलं आहे.

अशी खुर्ची कायद्याने आणखीही ठिकाणी ठेवलीय. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या सल्लागार समितीत तीन समाजसेवक घ्यावे लागतात आणि त्यांतला किमान एक महिला संघटनेचा असावा लागतो. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिथेही संस्थांचे लोक लागतात. ही नावं कोण सुचवतं आणि कधी बदलतात, याकडे संघटना लक्षच देत नाहीत. मग तिथे कुणाची तरी मेव्हणी बसते.

एखादी भयंकर घटना घडल्यावरच पुढारी जागे होतात. तोवर संघटनांनी कितीही सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. मग सांगायचंच कशाला?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

तुम्ही मिरजेच्या, म्हणजे म्हैसाळ तुमच्या डोळ्यांसमोर असणार. मार्च २०१७ मध्ये तिथे १९ भ्रूण सापडले आणि मुंबईपासून मंत्री धावले. पण सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली आहेत, हे २००१ च्या जनगणनेतच छापून आलं होतं. राज्याचा आकडा तेव्हा ९१३ होता. म्हणजे सोळा वर्षं आकडा टेबलावर होता. आकड्याने कुणाची झोप उडत नाही, हे तुमचं म्हणणं खरंच आहे.

सांगायचं कशाला, तर घटना घडेल त्या दिवशी मसुदा तयार असावा म्हणून. साताऱ्यात दलित महिला विकास मंडळ आणि वर्षाताई देशपांडे यांनी लेक लाडकी अभियानातून गरोदर बाईला सोबत घेऊन बेकायदा सोनोग्राफी करणारे पकडून दिले. ते म्हैसाळच्या कितीतरी आधीपासून. त्यातून पंचनामा कसा टिकतो, साक्षीदार कसा फुटतो, कुठलं रजिस्टर आधी ताब्यात घ्यायचं, हे ज्ञान जमलं. घटना घडली की मंत्र्याला चोवीस तासांत काहीतरी जाहीर करायचं असतं आणि त्याच्याजवळ काहीच नसतं. त्या वेळी ज्याच्या पिशवीत नेमक्या चार मागण्या असतात, त्याचं ऐकलं जातं. वर्षाताईंना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला, तेव्हा साताऱ्यात फलक लागले. फलकावर कुणाकुणाचे फोटो होते ते विचारू नका.

दुसरं उदाहरणही आमच्याच जिल्ह्यातलं. मुलगी नको म्हणून 'नकुशी' नाव ठेवलेल्या मुलींचा प्रश्न. २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने अडीचशेहून अधिक नकुशींची नावं समारंभाने बदलली. छान झालं. शाळेच्या दाखल्यावर नवं नाव चढलं. पण समारंभ करता येतो अशी मागणी पुढाऱ्याला नेहमीच पटते. सोनोग्राफी सेंटरवर छापा घालायची मागणी पटत नाही, कारण सेंटरवाले त्याच्या ओळखीचे असतात. संघटनेने दोन्ही एकाच कागदावर मागाव्यात. समारंभाच्या मोहात दुसरीवरही सही होऊन जाते.

मी सातारच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. आम्हाला अमेरिकेतल्या वांशिक समतेच्या चळवळी शिकवतात. वंश आणि जात वेगळी, देश वेगळा. त्यांच्याकडून आपल्या गावातल्या मंडळांनी काही घ्यावं का, की नुसतंच परीक्षेपुरतं?
— एक विद्यार्थिनी, सातारा

परीक्षेत काय विचारतात मला माहीत नाही, पण एक निवेदन वाच. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात माँटगोमेरी शहर आहे. तिथे काळ्या स्त्रियांची विमेन्स पोलिटिकल कौन्सिल नावाची संघटना होती. तिच्या अध्यक्ष जो अॅन रॉबिन्सन, कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी २१ मे १९५४ ला महापौरांना पत्र लिहिलं. बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी! मागण्या बघ. काळ्यांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे बसत जावं, जागा भरेपर्यंत कुणाला उठवू नये. पुढच्या दाराने पैसे भरून परत उतरून मागच्या दाराने चढायला लावू नये. गोऱ्यांच्या वस्तीत बस प्रत्येक कोपऱ्यावर थांबते, तशी काळ्यांच्या वस्तीतही थांबावी. एवढंच. 'समान हक्क द्या' असा शब्द नाही. आणि शेवटी अगदी सभ्यपणे एक आकडा: बसमधले तीन चतुर्थांश उतारू काळे आहेत, ते चढले नाहीत तर गाड्या चालणार कशा? पंचवीसेक संस्थांत बहिष्काराची बोलणी सुरू आहेत, हेही कळवलं.

महापौरांनी दाद दिली नाही. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्सना अटक झाली. त्याच रात्री रॉबिन्सनबाईंनी कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं छापली आणि सोमवारी बस रिकाम्या धावल्या. बहिष्कार ३८१ दिवस चालला. तरी शहरातले पुढारी शेवटपर्यंत नमले नाहीत, निकाल सर्वोच्च न्यायालयातून आला. पुढाऱ्यांची भाषा बदलली ती १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर, काळ्यांची नावं यादीत चढू लागली तेव्हा. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना वाटतं की चांगलं निवेदन लिहिलं की माणूस विरघळतो.

जात आणि वंश वेगळे आहेत, पण ज्यांनी भोगलं त्यांनी एकमेकांना ओळखलं होतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, तिने नावच अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली, तिथे आपल्या दलित संघटनांनी जातीचा प्रश्न नेला. जात म्हणजे वंश नव्हे म्हणून भारत सरकारने विरोध केला. आणि आता उलट दिशेने बघ. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलंच शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. कारण काय दिलं? सध्याच्या कायद्यांत हे आधीच येतं. वाचून मला आमचं ऑफिस आठवलं. 'सदर बाब प्रचलित नियमांत अंतर्भूत असल्याने स्वतंत्र कार्यवाहीची आवश्यकता नाही.' शेरा सगळीकडे सारखाच.

आणि तू साताऱ्यात आहेस, तर राजवाड्याच्या बाजूने जाताना विचार कर. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा नावाच्या मुलाने तिथल्या सरकारी शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, प्रवेश घेतला. तो दिवस २०१७ पासून राज्यभर 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. हे मंत्र्यांना झोपेत सुचलेलं नाही. साताऱ्यातल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं शाळेत तो दिवस आधी स्वतः साजरा केला आणि मग सरकारकडे मागितला. आधी करून दाखवलेली गोष्ट मंजूर करायला पुढाऱ्याला धोका वाटत नाही.

तुमच्या लेखांत संघटनांचं फार कौतुक असतं. निवडून आम्ही आमदार देतो. चार शबनमवाल्यांना कुणी निवडलं? बाहेरून पैसा येतो, कुणाच्या तरी सांगण्यावरून बोलतात. लोकप्रतिनिधीने त्यांचं का ऐकावं?
— एक वाचक, वाळवा तालुका

दादा, प्रश्न रास्त आहे, निदान अर्धा. काही संस्था खरोखर लेटरहेडपुरत्या असतात. अध्यक्ष नवरा, सचिव बायको, आणि तालुक्यातल्या प्रत्येक बैठकीत 'समस्त महिलांच्या वतीने' भाषण. त्यांना मीही टाळत असे. संस्थेने हिशेब आणि सभासदांची यादी विचारल्याबरोबर दाखवावी, एवढी अट घाला आणि मग ऐका.

पण साखर कारखानदार, व्यापारी, बिल्डर यांच्याही संघटना असतात आणि त्या निवेदन द्यायला उन्हात उभ्या राहत नाहीत. त्यांना मुंबईत चहा मिळतो. तेव्हा कुणी विचारत नाही तुम्हाला कुणी निवडलं. ज्यांना चहा मिळत नाही त्यांनी मंडळ काढलं की शबनम दिसते.

तुमच्याच वाळव्यात कासेगाव आहे. प्रतिसरकारच्या काळातल्या इंदूताई पाटणकरांनी म्हातारपणी परित्यक्ता बायकांचा लढा उभा केला, १९८० च्या दशकात. नवऱ्याने टाकलेली बाई कुठल्याच कागदावर नव्हती. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या, माहेरी भावाच्या. मतदार म्हणून ती होती, पण तिच्यासाठी बोलण्यात कुठल्याच उमेदवाराला फायदा नव्हता, कारण गावात अशा पाच आणि त्यांना टाकणारे पाच पुरुष, शिवाय त्यांची भावकी. निवडणुकीचं गणित तिथे बाईच्या विरुद्धच सुटतं. अशा वेळी गावोगावच्या पाच-पाच जणी एकत्र करून त्यांचा आकडा करणं, हे संघटनाच करू शकते. सांगलीतल्या वेश्या व्यवसायातल्या बायकांनी संग्राम संस्थेच्या आधाराने १९९६ मध्ये स्वतःची परिषद काढली, तेही असंच. त्यांच्या वतीने कुठला पक्ष बोलणार होता?

आणि अंतिम निर्णय सभागृहातच होतो, हे मान्यच. जादूटोणाविरोधी कायदा बघा. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कित्येक सरकारं पाहिली, मसुदा पुन्हापुन्हा बदलला, आक्षेप आले ती कलमं वगळली. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि आठवडाभरात वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा. याला संघटनेचा प्रभाव म्हणावं की सरकारला वाटलेली लाज, मला सांगता येत नाही. मात्र जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा त्यामानाने लवकर झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अंनिसने, म्हणजे दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, बळी पडलेल्या कुटुंबांना पत्रकारांसमोर आणि मंत्र्यांसमोर स्वतः बोलतं केलं होतं. सरकारी टेबलावर 'समाज' वाचणं वेगळं आणि समोर बसलेल्या माणसाचं ऐकणं वेगळं.

मी राखीव जागेवर सरपंच झाले. संघटनांच्या बायका माझ्याकडे विधवा प्रथा बंद करायचा ठराव मागतात. घरचे म्हणतात यात पडू नको. काय करू?
— एक सरपंच, माण तालुका

पडा. १९९० मध्ये ३० टक्के, मग एक तृतीयांश, २०११ पासून निम्म्या जागा, ही शिडी चढून तुम्ही तिथे आलात. शिडी धरणाऱ्यांत या संघटनांच्या बायकाही होत्या. ४ मे २०२२ ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने असा ठराव केला: कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. कल्पना करमाळ्याच्या एका संस्थेची, ठराव गावचा. १७ मे रोजी राज्य सरकारचं परिपत्रक निघालं की सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा. संस्थेला थेट मंत्रालयात जाऊन हे एवढ्या लवकर मिळालं नसतं.

परिपत्रक म्हणजे आवाहन आहे, कायदा नव्हे, हे सभेत सांगून टाका. म्हणजे विरोध निम्मा होतो. ठराव मांडायला एखाद्या विधवा बाईलाच उभं करा, अनुमोदनाला एखादा म्हातारा पाटील मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि घरच्यांबद्दल: मासिक सभेत नवऱ्याने तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं नाही, असे शासनाचे आदेश आहेत. तुम्ही बोलू नका, ग्रामसेवकाला, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, वाचून दाखवायला सांगा.

मंडळ रजिस्टर केल्याशिवाय निवेदन घेत नाहीत का?
— एक वाचक, फलटण

घेतात. सात जण मिळून संस्था नोंदवता येते, पण ती देणगी आणि बँक खात्यासाठी. ग्रामसभेत बोलायला मतदार यादीत नाव पुरतं.

आमदारांना नेमकं कधी भेटावं? गेलं की कधी 'साहेब मुंबईला', कधी 'साहेब लग्नाला'.
— महिला मंडळाच्या सचिव, जत

लग्नसराईत जाऊच नका. अधिवेशनाच्या साधारण दीड महिना आधी जा. अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चच्या सुमारास, पावसाळी जुलैच्या, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, बराच आधी द्यावा लागतो आणि आमदारांकडे प्रश्न लिहिणारा माणूस एखादाच असतो, त्याला विषय हवेच असतात. म्हणून साहेबांच्या आधी त्याला गाठा. निवेदन देऊ नका, प्रश्नच लिहून न्या: 'जत तालुक्यातील अमुक योजनेचा निधी अमुक वर्षी अखर्चित राहिला, हे खरे आहे काय, असल्यास, कारणे काय?' असा अर्ध्या पानाचा, आकड्यांसह. तुमच्या आमदारांनी नाही घेतला तर शेजारच्या मतदारसंघातल्या विरोधी आमदाराकडे तोच कागद द्या. प्रश्न लागला की मंत्रालयातून जिल्हा परिषदेला माहिती मागवणारा तातडीचा संदेश येतो आणि सगळं ऑफिस रात्री उशिरापर्यंत तुमच्या फाइलवर बसतं. त्या रात्री वडापाव आमच्या पैशाने असायचे.